बोटीवरचा जनरेटर सारखा बंद पडतो? मग रॅकॉर ५०० घ्या, पण व्हॅक्यूम गेजसकट

स्टार्ट मारला की लगेच पेटतो. दहा-वीस मिनिटं छान चालतो. एसी, फ्रीज, गीझर असा लोड चढला की आवाज बसतो आणि मशीन बंद. पंधरा मिनिटं थांबून परत स्टार्ट मारा, काहीच झालं नाही असं पुन्हा चालू. ही तक्रार मुंबई बंदरातल्या भाड्याच्या यॉटपासून गोव्याच्या मांडवी नदीतल्या क्रूझ बोटींपर्यंत सगळीकडे ऐकू येते. त्यावरचा नेहमीचा उपायही ठरलेला: इंजिनावरचा छोटा फिल्टर बदलायचा, एअर (डिझेलच्या लाइनमध्ये अडकलेली हवा) काढायची आणि बोट सोडायची. दोन दिवसांनी तीच रड.

अशा वेळी बरेच मालक पार्कर कंपनीचा रॅकॉर ५०० हा पाणी वेगळं करणारा डिझेल फिल्टर बसवतात. फिल्टर म्हणून तो उत्तमच आहे. तरी या तक्रारीपुरतं बोलायचं तर त्याच्या वरच्या टी-हँडलच्या (झाकण आवळायच्या मुठीच्या) जागी बसणारा व्हॅक्यूम गेज, म्हणजे पंपाला किती जोराने ओढावं लागतंय ते दाखवणारा काटा, हा त्यातला सर्वांत कामाचा भाग आहे आणि नेमका तोच बहुतेक जण पैसे वाचवण्यासाठी घेत नाहीत. गेजशिवाय फिल्टर बसवला तर गाळ अडेल, पण जनरेटर का मरतो हे कळणार नाही.

खर्च करण्याआधी एक गोष्ट बघा: मशीन मरतं कसं? मल्टीमीटर हर्ट्झवर लावून प्लगमध्ये ठेवा (२३० व्होल्ट आहेत, प्रोब जपून धरा) आणि काटकसर न करता पूर्ण लोड द्या. यांत्रिक गव्हर्नरचा (वेग राखणाऱ्या भागाचा) जनरेटर बिनलोडावर साधारण ५२ आणि पूर्ण लोडावर ५० हर्ट्झच्या आसपास चालतो. मरायच्या आधी आकडा ४९, ४७, पुन्हा ४९, ४५ असा झोके खात उतरत असेल, इंजिन धापा टाकत असेल, तर इंजिनाला डिझेल पुरत नाही. ५० वर स्थिर असताना कुणी स्विच बंद करावा तसं एका फटक्यात मशीन बंद झालं, तर कंट्रोलरने किंवा एखाद्या सेफ्टी स्विचने ते बंद केलंय. कारण थंड करणारं पाणी, तापमान, ऑइल प्रेशर किंवा वायरिंगमध्ये आहे आणि तिथे रॅकॉरचा काही उपयोग नाही. काळा धूर सोडत दमणं हा तिसरा प्रकार. त्यात लोड तरी जास्त असतो, नाहीतर साउंडशील्डच्या (जनरेटरवरच्या आवाज दाबणाऱ्या पेटीच्या) आत हवा कमी पडत असते.

ओनान कंपनीच्या क्यूडी मालिकेतल्या जनरेटरवर हे आणखी सोपं आहे, कारण स्टार्ट बटणावरचा दिवा कोड मिचकावतो. एकदा मिचकावला तर इंजिन तापलं, दोनदा म्हणजे ऑइल प्रेशर कमी, तीनदा म्हणजे पुढे दोन आकडी कोड आहे. तो स्टॉप बटण एकदा दाबल्यावर दिसतो. १५ आला तर फ्रिक्वेन्सी (वरचा हर्ट्झचा आकडा) पडली. ३६ आला तर कुणी आज्ञा न देता इंजिन स्वतःहून थांबलं. १५ आणि ३६ आलटून पालटून येत असतील तर इंजिन उघडायच्या आधी डिझेलची लाइन बघा. मिस्त्री येण्याआधी हा कोड वहीत लिहून ठेवलात तर अर्धा दिवस वाचतो.

आता फिल्टरकडे. खाली पारदर्शक बाऊल, त्यात टर्बाइनसारखी पाती, वर कागदी एलिमेंट. डिझेल पात्यांमधून गोल फिरत वर चढतं, जड पाणी आणि कचरा खाली बसतो, उरलेलं बारीक एलिमेंट अडवतं. क्षमता ताशी २२७ लिटर. एफजी आणि एमए अशी दोन मॉडेलं आहेत. बोटीच्या बंद इंजिन खोलीसाठी एमएच घ्या. त्याच्या बाऊलखाली धातूचं कवच असतं. आग लागली तर उघडा प्लास्टिकचा बाऊल वितळून डिझेल आगीत ओतेल, ते कवच हा धोका टाळतं. एफजी स्वस्त पडतो म्हणून तोच बोटीवर लावून देणारे विक्रेते आहेत. त्यांचं ऐकू नका.

एलिमेंट तीन प्रकारचं येतं आणि दोन्ही टोकांच्या रंगावरून ओळखता येतं: २ मायक्रॉन तपकिरी, १० मायक्रॉन निळं, ३० मायक्रॉन लाल. ‘बारीक तेवढं चांगलं’ असं मानून टाकी आणि पंपाच्या मध्ये तपकिरी लावणं ही फार महागात पडणारी चूक आहे. जनरेटरचा इलेक्ट्रिक फीड पंप दुबळा असतो. ओढणं हे त्याचं मुख्य बळ नव्हेच. टाकीच्या तळापासून पंपापर्यंतची उंची एक-सव्वा मीटरच्या पुढे गेली की तो आधीच टेकीला आलेला असतो. तिथे २ मायक्रॉनची भिंत उभी केली तर नवं कोरं एलिमेंट असूनही मशीन लोडवर मरेल. बारीक गाळायचं काम इंजिनावरच्या फिल्टरचं. आपल्याकडच्या डिझेलला आणि जुन्या टाक्यांना सुरुवातीला लाल, टाकी स्वच्छ झाल्याची खात्री पटली की निळं. एवढं पुरे.

गेज टी-हँडलच्या जागी बसतो, म्हणजे तो एलिमेंटच्या स्वच्छ बाजूचं ओढणं मोजतो. त्यामुळे टाकीपासून एलिमेंटपर्यंत कुठेही अडलं तरी काट्यावर दिसतं. आकडे इंच पाऱ्यात असतात. वाचायचं ते पूर्ण लोडवर, इंजिन गरम झाल्यावर. नवं एलिमेंट, स्वच्छ लाइन असेल तर काटा शून्य ते दोनच्या मध्ये राहतो. सातपर्यंत गेला की एलिमेंट बदला, दहाची वाट बघू नका. छोट्या पंपाचे काही जनरेटर चार-पाचलाच धापा टाकतात, म्हणून तुमचं मशीन कुठल्या आकड्याला हलायला लागतं ते एकदा बघून फिल्टरवरच मार्करने लिहा.

खरी मजा पुढे आहे. नवं एलिमेंट टाकूनही काटा सात-आठवर चढत असेल तर अडथळा फिल्टरच्या आधी आहे. टाकीची झाकणी उघडा. झाकणी उघडताच काटा खाली आला, तर टाकीचा व्हेंट (हवा आत यायची नळी) बुजलाय. व्हेंटच्या जाळीत रंगकाम करताना गेलेला पेंट, मिठाचा थर किंवा कुंभारमाशीचं मातीचं घर हमखास सापडतं. झाकणीने फरक पडला नाही तर टाकीतला पिकअप पाइप (डिझेल ओढणारी नळी) बघा. त्याच्या टोकाला बारीक जाळी असेल तर ती काढून फेका, एवढा फिल्टर पुढे असताना तिची गरज नाही. टाकीवरचा अँटी-सायफन व्हॉल्व (लाइन फुटली तर डिझेल आपोआप ओघळू न देणारा), अर्धवट बंद कॉक, आतून फुगलेली जुनी रबरी होज, ओळीने लावलेले नव्वद अंशांचे एल्बो, हे सगळे पुढचे आरोपी.

थांबवून पुन्हा चालू केल्यावर मशीन चालतं याचं कारणही इथेच आहे. टाकीत सिलिकॉनचा तुकडा, गाळाचा पापुद्रा किंवा झाकणीखालचा प्लास्टिकचा सील तरंगत असतो. पंप ओढायला लागला की शहाळ्यातल्या स्ट्रॉला मलई चिकटावी तसा तो पिकअपला चिकटतो, काटा हळूहळू चढतो, इंजिन मरतं. पंप थांबला, ओढ संपली की तुकडा गळून पडतो आणि काटा शून्यावर येतो. गेज समोर असेल तर हे सगळं डोळ्यांनी दिसतं: दोन, चार, सात, नऊ, फ्रिक्वेन्सी ढासळली, बंद, आणि मग काटा हळूच परत खाली. एकदा हे पाहिलं की इंजेक्टर खोलायचा विचारही मनात येत नाही.

उलट प्रकार म्हणजे काटा शून्यावरच, तरी इंजिन हेलकावे खातंय. मग दोन मुख्य शक्यता: पंपच ओढत नाही, किंवा लाइन हवा घेतेय. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये तात्पुरता हातभर पारदर्शक होजचा तुकडा लावा. बुडबुड्यांची माळ दिसली तर हवा. ती कुठून येते ते शोधायला आउटबोर्डचा रबरी फुगा टाकीच्या बाजूला जोडून हाताने दाबा. ओढताना जिथून हवा आत शिरते तिथूनच दाबल्यावर डिझेल बाहेर झिरपतं. कोरड्या टिशू पेपरने एकेक जोड पुसत जा.

या हवेच्या दुखण्यात रॅकॉरचाही वाटा असतो, म्हणून त्याचे दोष स्पष्ट सांगतो. पहिला आणि मोठा: ५०० च्या इनलेट-आउटलेटचे आटे सरळ असतात आणि ते ओ-रिंगवर सील होतात. आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे बीएसपी (नळकामाच्या आट्यांचे) किंवा टेपर (निमुळत्या आट्यांचे) फिटिंग त्यात जुळत नाहीत. तरी पुष्कळ ठिकाणी टेफ्लॉन टेप गुंडाळून तेच पान्याने दाबून बसवतात. दोन धागे पकडतात, बाकी आटे चिरडतात, ॲल्युमिनियमला चीर जाते आणि फिल्टर जन्मभर हवा घेतो. शिवाय टेपचा दोरा सुटून पुढे इंजेक्शन पंपात जाऊ शकतो. फिल्टर मागवतानाच त्याच्या आट्यांना जुळणारे ॲडॅप्टर मागवा, किनाऱ्यावर ते मिळतील या भरवशावर राहू नका.

दुसरा दोष ओ-रिंगांचा. झाकणाखाली मोठी, टी-हँडलखाली छोटी. अस्सल एलिमेंटच्या डब्यात दोन्ही नव्या येतात. जुनी मोठी रिंग झाकणाच्या खाचेत चिकटून राहते, तिच्यावर नवी बसवली जाते आणि झाकण कधीच नीट बसत नाही. छोटीचा तर कुणाला पत्ताच नसतो. एलिमेंट बदलल्यावर लगेच सुरू झालेला बिघाड बहुतेक वेळा या दोन रिंगांपाशी संपतो. नव्या रिंगला डिझेलचा हात लावा आणि हँडल हातानेच आवळा, पाना लावू नका. नकली एलिमेंटं बाजारात आहेत. डब्यात रिंगा नसतील किंवा मधलं भोक सैल असेल तर परत करा. सैल एलिमेंट बाजूने न गाळलेलं डिझेल सोडतं आणि गेज मात्र ‘सगळं छान’ म्हणत राहतो.

तिसरा दोष आतल्या बॉल व्हॉल्वचा. फिल्टर टाकीपेक्षा वर असेल तर डिझेल मागे ओघळू नये म्हणून बाऊलच्या वरच्या बाजूला एक छोटी गोळी असते. काळा चिकट गाळ तिच्याभोवती साचला की ती अर्धवट अडकते. मग नवं एलिमेंट, स्वच्छ टाकी, मोकळी होज, सगळं ठीक असून काटा चढतो. बाऊलचे स्क्रू काढून, पाती उतरवून गोळी आणि तिची बैठक घासलेटने धुवावी लागते. अर्ध्या तासाचं काम आहे, पण ही गोळी आहे हेच बऱ्याच मिस्त्र्यांना माहीत नसल्याने लोक आख्खा फिल्टर बदलतात.

एक मर्यादाही लक्षात घ्या. ८-१० केव्हीएचा जनरेटर पूर्ण लोडवर ताशी अडीच-तीन लिटर डिझेल जाळतो, न जळता टाकीत परत जाणारं डिझेल धरलं तरी फिल्टरमधून वाहणारं प्रमाण २२७ लिटरच्या जवळपासही जात नाही. इतक्या मंद प्रवाहात पाती जोरात फिरवत नाहीत, पाणी मुख्यतः वजनाने खाली बसतं. काम होतं, पण जाहिरातीतल्या चित्राएवढं जोमदार नाही. लहान होडीवर जागा कमी असेल तर याच कंपनीचा फिरवून बसवायच्या एलिमेंटचा छोटा फिल्टर पुरेल, फक्त त्याला गेजची सोय करून घ्या. दिवसभर प्रवासी असलेल्या व्यावसायिक बोटीवर मात्र दोन ५०० शेजारी-शेजारी, मध्ये बदलाचा व्हॉल्व, असा जोड सेट घेणं योग्य. इंजिन न थांबवता एकावरून दुसऱ्यावर जाता येतं.

एलिमेंट बदलायची रीत सोपी आहे. इंजिन बंद, टाकी फिल्टरपेक्षा वर असेल तर कॉक बंद. आधी खालच्या ड्रेनमधून पाणी आणि गाळ काढा. फिल्टर टाकीपेक्षा वर असेल तर नुसता ड्रेन उघडून काही येत नाही, उलट हवा आत जाते, म्हणून आधी टी-हँडल सैल करा. एलिमेंट त्याच्या कडीला धरून, पिळत, सावकाश वर ओढा. नवं तसंच पिळत मधल्या नळीवर बसवा. वरून स्वच्छ डिझेल काठोकाठ भरा, झाकण लावा. काठोकाठ भरलं की बहुतेक मशीनना वेगळी एअर काढावी लागत नाही.

गेजचं उत्तर पटत नसेल तर शेवटची खात्री वीस लिटरच्या कॅनची. जनरेटरची ओढणारी आणि परतीची, दोन्ही होज कॅनमध्ये टाका. परतीची विसरलात तर कॅन लवकर रिकामा होईल आणि डिझेल टाकीत जाईल. दोन तास पूर्ण लोडवर चालवा. चालला तर दोष टाकी किंवा लाइनमध्ये, मेला तर पंप, इंजिनावरचा फिल्टर, किंवा फ्युएल सोलेनॉइडला (डिझेल चालू-बंद करणाऱ्या विजेच्या व्हॉल्वला) मिळणारा व्होल्टेज बघा. आणखी दोन गोष्टी इथेच तपासा. काही बोटींवर जनरेटरचा पिकअप मुद्दाम आखूड ठेवलेला असतो, जनरेटरने सगळं डिझेल पिऊन मुख्य इंजिन अडकू नये म्हणून. अशा बोटीवर टाकी पाव भरलेली दिसते आणि लाटेत हललं की जनरेटर मरतो. आणि मुख्य इंजिन व जनरेटर एकाच ओढणाऱ्या लाइनवर टी लावून जोडले असतील तर मुख्य इंजिन चालू असताना ते जनरेटरच्या तोंडचं डिझेल ओढून घेतं. जनरेटरला स्वतंत्र पिकअप द्या, याला पर्याय नाही.

फटकन बंद होणाऱ्या प्रकाराबद्दल थोडक्यात. सी-कॉक (समुद्राचं पाणी आत घेणारा कॉक) पूर्ण उघडा आहे का, स्ट्रेनरमध्ये (त्या पाण्याच्या गाळणीत) प्लास्टिकची पिशवी किंवा चिखल आहे का, स्ट्रेनरच्या झाकणाची रिंग हवा घेते का ते बघा. मग इम्पेलर (पाण्याच्या पंपातलं रबरी पात्यांचं चाक) काढा. एखादं पान तुटलं असेल तर नवा इम्पेलर लावून काम संपत नाही, तुटलेला तुकडा हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकलेला असतो, तो शोधून काढा. झिंकच्या पेन्सिलचे (गंज स्वतःवर घेणाऱ्या जस्ताच्या कांडीचे) तुकडेही तिथेच सापडतात. एक्झॉस्टमधून पडणारं पाणी बादलीत धरून मिनिटाला किती येतं ते मशीन निरोगी असताना मोजून ठेवा, पुढे तोच आकडा तुलनेला लागतो. मिक्सिंग एल्बोनंतरच्या (जिथे एक्झॉस्टमध्ये पाणी मिसळतं त्या वळणानंतरच्या) होजवर हात ठेवता आला पाहिजे. पाणी व्यवस्थित, ऑइल खुणेवर, तरी ऑइल प्रेशरचा कोड येत असेल तर स्विचच्या जागी यांत्रिक गेज लावून खरा दाब बघा. स्विच स्वस्त आहे, अंदाजाने इंजिन उघडणं महाग.

तापमानाचा किंवा एक्झॉस्टचा स्विच वायर जोडून कधीही बायपास करू नका. पाणी बंद झालेली रबरी एक्झॉस्ट होज काही मिनिटांत जळते, मग कार्बन मोनॉक्साइड आणि धूर थेट केबिनमध्ये येतो, जिथे माणसं झोपलेली असतात. ‘एका फेरीपुरतं’ म्हणून केलेला बायपास नंतर कुणी काढत नाही.

आपल्या किनाऱ्यावर या तक्रारी ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये उसळतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, पर्यटनाच्या बोटीही शाकारलेल्या. दोन-तीन महिने अर्ध्या टाकीने, दमट हवेत उभ्या. टाकीच्या रिकाम्या भागात पाण्याचे थेंब जमतात, तळाशी पाणी साचतं आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर काळी बुळबुळीत बुरशी वाढते. पहिल्या लाटेत ती सगळी ढवळून पिकअपकडे येते. म्हणून बोट वर घेताना टाकी जवळपास पूर्ण भरा, बायोसाइड (बुरशी मारणारं औषध) डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच टाका आणि हंगामाच्या सुरुवातीला टाकीच्या तळाचं पाणी हातपंपाने काढा. बायोसाइडनंतर मेलेली बुरशी सुटून येते, त्यामुळे पहिल्या काही दिवसांत एलिमेंट भराभर भरतात. हे अपेक्षितच आहे. सोबत चार लाल एलिमेंट, दोन्ही ओ-रिंगांचे जादा जोड, एक इम्पेलर आणि त्याचं गॅस्केट ठेवा.

किमतीचं म्हणाल तर एमए मॉडेल, गेज आणि जुळणारे ॲडॅप्टर मिळून देशी बाऊल फिल्टरच्या कित्येक पट खर्च येतो. पैसे कमी असतील तर देशी फिल्टर राहू द्या आणि त्याच्या पुढे, पंपाच्या आधी, टी लावून ० ते ३० इंचांचा साधा व्हॅक्यूम गेज बसवा. फिल्टर नंतर बदलता येईल, गेज मात्र याच आठवड्यात लावा. पूर्ण गुण एमए मॉडेलला गेजसकट. गेजशिवाय घेणार असाल तर पाचापैकी तीन, आणि टेप गुंडाळून टेपर फिटिंग ठोकणार असाल तर घेऊच नका.